परत आलेला माणूस

धाकटीने पेशंटच्या घशातली नळी अलगद ओढून काढली. तो खोकला, तशी ती मोठ्याने हसली. ऑपरेशन ऐन भरात असताना मॉनिटर चार मिनिटं बंद पडला होता. तेवढा वेळ तिने पेशंटच्या मानेतल्या नाडीवरची दोन बोटं हलवली नव्हती, आणि सर्जनला मान वर करून बघावंसुद्धा लागलं नव्हतं.

मास्तर दाराशी उभे होते. या सरकारी इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्या त्यांनी घडवल्या होत्या. पंख फुटले की सगळे भुर्रकन परदेशी. मागे उरले मास्तर, त्यांची गुडघेदुखी आणि शेवटच्या तुकडीतली ही धाकटी.

चहाच्या खोलीत तिने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. परदेशातलं नेमणूकपत्र. आज पाचपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"नाही म्हणून कळवतेय, सर."

सुंठीवाचून खोकला गेला, असं मास्तरांना वाटलं. ती गेली असती तर ऑपरेशनच्या दोन टेबलांपैकी एक बंद पडलं असतं. महिनोन्महिने ताटकळलेल्या लोकांना पुढची तारीख सांगायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात आलं असतं.

"घरी सांगितलंस?"

"आई बोलत नाहीये. बाबा म्हणाले, चालून आलेल्या लक्ष्मीला लाथ मारू नकोस. मी म्हटलं, आमच्या सरांनी मारलीच ना? काय बिघडलं त्यांचं?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. नव्या मुलांच्या स्वागताला अधिष्ठाते दरवर्षी त्यांची ओळख करून देत, 'परदेशातली नोकरी लाथाडून मायदेशी परतलेले.' पहिल्या वर्षी ते संकोचाने गप्प बसले. दुसऱ्या वर्षी गप्प बसणं सोपं गेलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

त्यांनी उठून दार लावलं.

"मी परत आलो नाही, धाकटे. मला काढलं होतं."

ती हसली.

"थट्टा नाही. आपल्याकडची मशीनं उगाचच कोकलतात, म्हणून आपण आधी त्यांचं तोंड बंद करतो आणि बोटांवर विसंबतो. तिथेही मी तेच केलं. श्वासाची नळी निसटली. मशीन बोंबललं असतं, पण आवाज मीच बंद केला होता. नाडी चांगली लागत होती. बोटांना कळेपर्यंत माणूस निळा पडला."

"गेला?"

"वाचला. महिन्याभरात माझ्या हातात पत्र पडलं."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"मला मोकळं करायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेताय, सर? आता तर मी मुळीच जात नाही."

मास्तरांना हायसं वाटलं. साप मेला होता आणि काठीही मोडली नव्हती. खरं सांगून झालं होतं. तिचा विश्वास बसला नाही, त्यात त्यांचा काय दोष? त्यांनी उरलेला चहा संपवला. तो गार झाला होता. समोर धाकटी डोळे पुसून फोनवर नकाराचं पत्र लिहायला बसली होती, आणि तिला इतकं खूश बघून मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अगं, माझी सर्टिफिकेटांची फाइल काढ. शेवटी एक बंद पाकीट आहे. ते फोड."

"कसलं पाकीट? कधी बोलला नाहीत ते."

"फोड आणि वाच. मोठ्याने वाच, धाकटी ऐकतेय."

बायको शाळेत शिक्षिका होती. तिने धडा वाचावा तशी खणखणीत सुरुवात केली. 'निष्काळजीपणा' या शब्दावर ती अडखळली. पुढे तिचा आवाज ओळीगणिक उतरत गेला.

"काकू, पुरे," धाकटी म्हणाली.

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"जेवायला वेळेवर या," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

धाकटी टेबलाकडे बघत होती. "मग इथे का राहिलात? खासगी हॉस्पिटलवाले तर तुमच्या दाराशी बसून होते."

"ते मलाही धड माहीत नाही. आणि माहीत असतं तरी आज तुला सांगितलं नसतं."

पाचला दहा मिनिटं होती. लिहिलेलं पुसून तिने पुन्हा लिहायला घेतलं. झाल्यावर, औषधाचा डोस दाखवून घ्यावा तसा तिने फोन मास्तरांपुढे धरला. नोकरी मान्य आहे. मात्र इथली सोय लावायची असल्याने रुजू व्हायला तीन महिने लागतील.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, 'तीन महिने' खोडून 'एक महिना' केलं आणि फोन तिला परत दिला.