न भरणारी टाकी आणि जाहिदाची मेंदी

जिला कधीच उपसावे लागले नाही अशा टाकीची कथा आमच्या भागात अनेक पाठांत सांगितली जाते. धानोऱ्याकडच्या पाठात टाकीत मोहाचा चोथा टाकतात आणि तो सारे जिरवतो. मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीत टाकीत एक मागूर मासा सोडलेला असतो; तो खाऊन खाऊन रेड्याएवढा होतो, पण टाकी रिकामी ठेवतो. नागभीडच्या पाठात टाकीच्या बुडाशी भेग असते आणि तिच्यातून सगळे पाताळात जाते. तपशील बदलतात, पण एक गोष्ट सर्व पाठांत समान आहे: टाकी स्वतः मुकी असते. ती बोलते असा पाठ हा एकच, आणि तो मी सांगते आहे. कारण नागभीडची ती टाकी मीच.

मी संडासाची टाकी. गाद्या-रजया भरणाऱ्या नवाबच्या परसात माझा जन्म झाला. त्याची मुलगी आफ्रीन रांगत होती त्या उन्हाळ्यात गवंड्याने खड्डा खणला, विटांचे कप्पे बांधले, आतून गिलावा केला आणि वर स्लॅब टाकून तिच्यात एक झाकण ठेवले. शेजारी शोषखड्डा केला. माझे काम साधे आहे. जड ते तळाशी बसते, हलके ते वर तरंगते, मधले पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. तळाच्या गाळातला बराचसा भाग मी पचवते. बराचसा, सगळा नव्हे. या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाले म्हणून पुढील कथा घडली.

परसात पाहुणे बसत आणि झाकण त्यांच्या नजरेस पडे, हे नवाबची बायको जाहिदा हिला आवडत नसे. तिने झाकणाभोवती विटा रचल्या, वर माती भरली आणि आपल्या आईच्या अंगणातून आणलेली मेंदीची फांदी तिथे लावली. झाड असे फोफावले की झाकणाची आठवणही त्याखाली गाडली गेली. पाला गर्द, आणि रंग इतका पक्का की गल्लीतली कोणतीही मुलगी, मुसलमानाची असो वा हिंदूची, हा पाला हातावर घेतल्याखेरीज सासरी जाईनाशी झाली. बाजारात मेंदीचे तयार कोन आले, तरी पहिला ठिपका जाहिदाच्या मेंदीचा, असा रिवाजच पडला.

नवाबचा अभिमान वेगळा होता. स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर तो सांगे, "आपली टाकी बरकतीची हाय. पोरगी लग्नाले आली, पन झाकण उघडा नाई लागलं."

अशा रीतीने एकाच परसात दोन दंतकथा नांदत होत्या. त्यांचे मूळ एकच होते. मी केव्हाच गाळाने भरले होते. गाळ शोषखड्ड्यात उतरत होता, ओल स्लॅबच्या सांध्यांतून झिरपत होती, आणि मेंदीची मुळे तिच्यावर पोसली जात होती. मेंदीला नजर लागू नये म्हणून जाहिदा बुंध्याला काळा दोरा बांधी. माझ्याकडे नजर टाकावी, असे मात्र कुणाला वाटले नाही.

आफ्रीनचा निकाह ठरला. वऱ्हाड चंद्रपूरहून येणार, मांडव याच परसात पडणार. मला काळजी वाटू लागली आणि मी बोलू लागले. माझी भाषा एकच: गुडगुड. संडासात ओतलेले पाणी उतरायला वेळ लागू लागला. "हवा धरली असंन," असे म्हणून नवाबने गूळ आणि ताक ओतले. लोकवैद्यकात हा उपचार जुना आहे. मला तो गोडही लागला. पण गुळाने आजवर कोणाचा गाळ उचलून नेलेला नाही.

मग भिंतीपलीकडची कमळा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"नवाबभाऊ, वास घेऊन पाहा. माह्या विहिरीचं हाय."

"पानं पडले असतीन विहिरीत, कमळाबाई."

"पानं पडले तं पानाचा वास येते. तुमची टाकी भरत नाई मंता ना? मंग ते जाते कुठी?"

बरकतीच्या सिद्धान्ताला इतका सरळ प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.  नवाबने लोखंडी सब्बल उचलली आणि झाकण शोधू लागला. पेरूखाली टोचून झाले, भिंतीकडेला टोचून झाले. जाहिदा दारात उभी राहून पाहत होती.

"तिथी नाई," ती शेवटी म्हणाली. "मेंदीखाली हाय."

"मंग इतका वेळ काऊन गप होती?"

"परवा आफ्रीनची मेंदी हाय. साऱ्या गल्लीच्या पोरी या पाल्यानं रंगल्या. माह्या पोरीची बारी आली तं झाड तोडू? माह्या मायच्या अंगणातलं हाय ते. निकाह होऊन जाऊ द्या, मंग पाहू."

"तोवर मी काय पिऊ, भाभी?" कमळाने विचारले.

आफ्रीन आतून बाहेर आली. "अम्मी, पाहुणे आले तं पयले मेंदी पाहतीन का संडास पाहतीन?"

आधी कमळा हसली, मग नवाब, आणि नको नको म्हणत जाहिदासुद्धा. ती आत गेली आणि विळा घेऊन आली.

त्याच सकाळी गल्लीतल्या बायका परसात बसल्या. पाला ओरबाडून सुपांत भरला गेला. आफ्रीनला पुरून गल्लीला उरेल एवढा. कमळाने निवडक फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या.

"आता समजलं, तुमची मेंदी एवढी काऊन रंगते," ती म्हणाली. "खत घरचंच हाय."

जाहिदाने तिच्या पाठीत धपाटा घातला. मग बुंध्यावरचा काळा दोरा सोडला आणि बुंधा स्वतःच तोडला.

दुपारी मैला उपसणारी गाडी आली. विटा-माती बाजूला करून झाकण उघडले आणि मी प्रथमच आकाश पाहिले. नवाब म्हणाला, "तळाचा गाळ घट्ट असंन. कोनी खाली उतरून फावड्यानं ढिला करून दिला तं?"

"कोनी उतरनार नाई," गाडीवाला अंकुश म्हणाला. "आत विषारी हवा असते. मानूस उतरला तं वर येत नाई. पानी मारतो, पाइपानं ओढतो."

त्याने तसेच केले. शोषखड्डाही मोकळा केला, आणि त्याच्या सांगण्यावरून गवंड्याने स्लॅबचे सांधे भरले. निघताना त्याने विचारले, "आता परत कधी?"

"भरली की," नवाब म्हणाला.

"भरली हे कोन सांगंन, माही विहीर?" कमळाने विचारले.

उत्तर जाहिदाने दिले. "दर तिसऱ्या वर्षी. धान कापले की गाडी."

विहीर उपसून तिच्यात औषध टाकेपर्यंत कमळाने नळावरून पाणी भरले. निकाहाच्या दिवशी परस पाहुण्यांनी भरला. आफ्रीनच्या हातांची मेंदी सर्वांनी पाहिली. माझी आठवण कुणालाही झाली नाही. टाकीच्या आयुष्यात याहून मोठा सन्मान नसतो.

घराला चुना मारण्याची आठवण आपल्या लोकांना कुणी करून द्यावी लागत नाही. वाचकहो, त्या यादीत आम्हालाही एक जागा द्या. तीनेक वर्षांतून एकदा गाडी बोलवा, झाकणावर काही लावू नका, आणि आमच्या पोटात कुणा माणसाला उतरवू नका. जी टाकी कधीच भरत नाही, तिची चौकशी शेजारच्या विहिरीकडे करा.

पोत्यातली एक फांदी आता परसाच्या दुसऱ्या टोकाला जगली आहे. रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, असे बायका म्हणतात. कमळा विहिरीचे पाणी पिते.

यंदा तिसरे वर्ष. धान कापून झाले. आफ्रीन आपल्या तान्ह्या मुलीला, आयतला, घेऊन माहेरी आली होती. गाडीचा आवाज आला तेव्हा जाहिदा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. नवाब परसात आला. झाकणावर काहीच नव्हते. त्याने ते उघडले.