डाव्या कानाची केबल

प्रशांतचं केबलचं वेड मला कधी कळलं नाही. माणूस इअरफोन घेतो, कानात घालतो, गाणी ऐकतो. इथवर ठीक आहे. पण चांगल्या चालत्या इअरफोनची केबल उपसून दुसरी लावायची, ती काढून तिसरी लावायची, आणि दर वेळी डोळे मिटून देवघरासमोर बसल्यासारखं बसून राहायचं, ही कुठली तऱ्हा? विचारलं की तो म्हणायचा, "तुला नाही कळायचं ते, त्रिवेणी." खरंच कळत नव्हतं, पण तसं कुणी तोंडावर म्हटलं की माझं डोकं फिरतं.

एवढं मात्र कबूल करते की कानांवरच त्याचं पोट होतं. कुकटपल्लीतल्या एका लहानशा डबिंग स्टुडिओत तो साउंड एडिटर आहे. तेलुगू सिनेमांचे हिंदी, कधीमधी मराठी आवाज तो बसवतो. पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला तर त्याच्या चपलांचा आवाजही तसाच सरकला पाहिजे. जरा इकडचं तिकडे झालं की प्रशांत सिनेमा थांबवून पुन्हा मागे न्यायचा. माझे सासरे उदगीरकडची शेती भावांच्या हवाली करून हैदराबादेत नोकरीला आले, त्याची चुटपुट सासूबाईंना अजून आहे. त्यांनी विषय काढला की प्रशांत दोन्ही कान धरून हसायचा आणि म्हणायचा, "आई, आपली दोन एकर इथं हायेत बघ."

गेल्या उन्हाळ्यात त्याने हिमायतनगरच्या एका दुकानातून नवे इअरफोन घेतले. निवडायला अख्खी दुपार गेली. याचा बेस फुगलेला, त्याचा आवाज टोचतो, एकात गायिका लांब उभी आहे असं वाटतं. मग कानात बसणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्या लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या घालून पाहिल्या. शेवटी एक जोडी त्याने कानात घातली आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "हे. हेच." इतका खूश तो आमच्या लग्नातही दिसला नव्हता, असं मी दुकानदार अनिलसमोरच म्हणाले. अनिल हसला, प्रशांतही हसला.

दिवाळी झाली आणि एक दिवस तो म्हणाला, "डावीकडं पातळ वाटायलंय."

तिथून सुरू झालं. आधी टोप्या बदलल्या. मग जाळी साफ केली. मग म्हणे केबलच हलकी आहे. तांब्याची आली. मग चांदीचा मुलामा दिलेली आली. आम्ही पुन्हा अनिलकडे गेलो. त्याने इअरफोन स्वतःच्या कानात घालून पाहिले आणि म्हणाला, "सर, मेरेकू तो दोनों बराबर आ रा." प्रशांतचा चेहरा उतरला. "तेरे कान कच्चे हैं," असं म्हणून तो तडक दुकानाबाहेर पडला. एरवी तो कुणाशी असं बोलत नाही. मी मागाहून अनिलची समजूत काढली.

घरात वेगळंच चाललं होतं. सासूबाईंचा आवाज मुळात हळू. त्या दोनदा हाक मारायच्या आणि तिसऱ्यांदा मारायच्या नाहीत. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "पोरगा आता आईला ओ पण देईना गेलाय." मी म्हटलं, "आई, कानात बोळे घातल्यावर ओ कोण देणार?" त्यांनी हाक मारली तेव्हा त्याच्या कानात काहीच नव्हतं, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

मग परदेशातून मागवलेली एक केबल आली. चार पदरी विणलेली, वेणीसारखी. एका रविवारी त्याने ती लावून ठेवली आणि तो अंघोळीला गेला. मी टेबल पुसत होते. इतके दिवस ज्याच्यापायी घर डोक्यावर घेतलंय ते आहे तरी काय, म्हणून मी केबल ओढून पाहिली. दोन्ही बाजू टपकन सुटल्या. घाबरून मी पिना परत भोकांत बसवल्या आणि होतं तसं ठेवून दिलं.

तो आला, बसला, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ही पण तशीच. डावीकडं पातळच."

त्याने इअरफोन काढून ठेवले तेव्हा मला दिसलं. केबलच्या उजव्या टोकाला लाल ठिपका असतो, आणि ते लाल टोक मी डाव्या बाजूला खुपसलं होतं. मला हसू आलं. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. केबलच्या बाजू मी उलटसुलट केल्या होत्या. दोष केबलचा असता तर तो आता उजव्या कानात जायला हवा होता. तो गेला नव्हता. आणि पावलांचा आवाज जरा सरकला तरी सिनेमा थांबवणाऱ्या माणसाच्या कानात सगळी गाणी डावं-उजवं उलटं होऊन वाजली होती, त्याला पत्ताही लागला नव्हता.

मी सांगितलं. घरात सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, पण त्या वेळी भान राहिलं नाही. "प्रशांत, बाजू उलट्या लागल्यात. माझ्या हातून झालंय. दोष केबलचा नाहीये."

त्याने इअरफोन उचलले, लाल ठिपक्याकडे बघितलं. "पिनमध्ये कचरा असेल," तो म्हणाला. त्याने इअरफोन परत ठेवून दिले. वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

दवाखान्यात आतल्या खोलीत एका मुलीने त्याच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. शिट्टीसारखा बारीक आवाज येईल, ऐकू आला की बोट वर करायचं, असं तिने सांगितलं. उजव्या कानाला त्याचं बोट भराभर वर जात होतं. मग डावा कान. त्या बाजूने ऐकू जाऊ नये म्हणून उजव्यात नुसता खरखराट सोडून मुलगी बटण फिरवत राहिली. मी मागे स्टुलावर बसले होते. होता होता ती शिट्टी मला ऐकू यायला लागली, तिथवर, स्टुलावर, हेडफोनमधून बाहेर झिरपून. प्रशांत हाताची मूठ करून बसला होता.

ती शिट्टी थांबली. खोली शांत झाली. आणि त्याने बोट वर केलं.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग तिने त्याच्या कानावरचा हेडफोन हलकेच उचलला आणि म्हणाली, "सर, अब्बी तो मैं कुछ बी नै बजाई." त्याचं बोट थोडा वेळ तसंच वर होतं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टर भाग्यलक्ष्मी शांत स्वभावाच्या होत्या. कानाची नस गेली आहे, असं त्या म्हणाल्या. असं एकाएकी झालं की लगेच यायचं असतं, सुरुवातीच्या दिवसांत औषधांनी पुष्कळदा फरक पडतो. आता डाव्याची आशा धरू नका, उजवा जपा. मग कागदावरून नजर काढून त्यांनी विचारलं, "दिवाली से अब तक क्या कर रहे थे आप?"

"केबल बदल रहा था, मॅडम," प्रशांत म्हणाला.

त्यांना काही समजलं नाही. मी समजावून सांगितलं नाही.

जिन्यात मी त्याला थांबवलं. "तुला खरंच कळलं नव्हतं?"

तो कठड्याला टेकला. "पहिल्याच दिवशी बाजू बदलून बघितलो मी, तरी डावीकडंच पातळ. सगळ्यात आधी तेच बघतात, त्रिवेणी. शिकाऊ पोरगं सुद्धा तेच बघतंय."

"मग?"

"मग काय. केबल बदलता येते. वाटायचं, पुढची येईपर्यंत तरी कान चांगलाच आहे."

आम्ही रस्त्यावर आलो. दुपारची गर्दी, ऑटो, बस, सगळ्यांचे हॉर्न. मी त्याच्या शेजारून चालत होते आणि मला इतका राग आला होता की तोंडाला आवर राहिला नाही. म्हटलं, तूच घालवलास तुझा कान, दुसऱ्या कुणी नाही. आईला वाटलं, पोराला माज चढला. तिला तसं वाटू दिलंस. माझ्याशेजारी रोज बसून खोटं खोटं ऐकत राहिलास. मी कोण लागते तुझी? एकदा सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी तुला उचलून आणलं असतं. आयुष्यात तुला माफ करणार नाही मी. बोलता बोलता मी रडत होते आणि लोक वळून बघत होते.

तो आपल्याच चालीने चालत होता. थोडं पुढे गेल्यावर त्याला माझा चेहरा दिसला आणि तो थबकला.

"काय म्हणलीस?"

मी त्याच्या डाव्या हाताला होते. मी पदराने तोंड पुसलं, त्याच्या पुढून वळसा घालून उजवीकडे आले आणि म्हणाले, "काही नाही. घरी चल, म्हणलं."

"हौ," तो म्हणाला. तेवढं त्याला नीट ऐकू आलं होतं.