‘म्हणजे’ म्हणायचं नाही

“हे गेले हो,” फोनवरची बाई म्हणाली आणि पुढे तिच्या तोंडून शब्दच फुटेना.

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्या मुलीच्या ओठांवर एक शब्द अगदी येऊन बसला होता. म्हणजे. म्हणजे वारले का? एवढं विचारलं की काम संपतं. बाई हो म्हणते, पत्ता सांगते, शववाहिका निघते आणि रुग्णवाहिका जिवंत माणसासाठी मोकळी राहते. त्या दुपारी हायवेवर दोन बस एकमेकींवर आदळल्या होत्या आणि मोकळी गाडी एकच उरली होती.

मुलगी नवीन होती. अजून कायम झालेली नव्हती, म्हणून शिफ्टचे साहेब तिच्या शेजारी बसून दुसऱ्या हेडफोनवर तिचा प्रत्येक कॉल ऐकायचे. साहेब माणूस वाईट नव्हता. पण फोन लांबला की त्यांच्या डोक्यावर कुणी मिरे वाटतंय असा त्यांचा चेहरा व्हायचा. त्यांनी मान हलवली आणि माइकवर हात ठेवून म्हणाले, “मयत आहे. शववाहिकेकडे दे आणि लाइन सोड.”

तिने तो शब्द गिळला. लाइन मात्र सोडली नाही.

या मुलीला घरी सगळे ‘घाई’ म्हणत. नाव थोरल्या भावाने ठेवलं होतं आणि ते अगदी चपखल होतं. समोरच्याचं अर्धं वाक्य झालं की उरलेलं हिच्या तोंडून बाहेर पडायचं. आई म्हणायची, “मला शिंक येणार असली तरी हीच आधी शिंकेल.” अशा मुलीने कॉलेजात शेवटच्या वर्षी एक जादा विषय घेतला. कारण उदात्त वगैरे काही नव्हतं. त्या विषयाला पुस्तक नव्हतं, लेखी पेपर नव्हता, आणि वर्ग कँटीनच्या वरच्याच खोलीत भरायचा.

शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी उभं आयुष्य कोर्टात दुभाषी म्हणून काढलेलं. वर्गात फळा नाही, नोट्स नाहीत. दोन खुर्च्या समोरासमोर. एकाने काहीतरी सांगायचं, दुसऱ्याने ते त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं आणि गप्प बसायचं. बस, एवढाच अभ्यासक्रम. पोरांनी त्यांचं नाव पोपटबाई ठेवलं, आणि त्यांना ते माहीत होतं. “पोपट बरा,” त्या म्हणायच्या, “तो निदान स्वतःचं घुसडत नाही.” नियम एकच, ‘म्हणजे’ म्हणायचं नाही. म्हणेल त्याने उरलेला तास व्हरांड्यात काढायचा. घाईने त्या वर्षी व्हरांडा इतका वापरला की झाडूवाल्या मावशी तिला रोज विचारायच्या, “आज पण?”

एकदा तिच्यासमोर वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी बसली होती. ती एवढंच म्हणाली, “आई घरी नसते.”

“म्हणजे नोकरीला जाते,” घाई म्हणाली.

वर्ग हसला. अबोल मुलगीही हसली. “हो,” म्हणाली आणि उठून गेली. पोपटबाईंनी या वेळी घाईला बाहेर काढलं नाही. “ती काहीतरी सांगायला आली होती,” एवढंच म्हणाल्या. “तू तिला उत्तर हातात दिलंस, तिने ते घेतलं. माणसं घेतात.” त्या मुलीला काय सांगायचं होतं ते घाईला कधीच कळलं नाही. पुढे कितीदा तरी तिने विषय काढून पाहिला. ती हसायची आणि दुसरंच काही बोलायची. तिचं ते हसणं आठवलं की घाईला आजही लाज वाटायची.

“गेले?” घाई फोनवर म्हणाली आणि थांबली.

थांबणं जिवावर आलं. साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. लाइनवर बाईचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी काहीतरी घरघरत होतं. माणूस खरंच वारलेला असेल तर तिकडे हायवेवर कुणाचा तरी जीव हिच्या पोपटपंचीपायी जाईल.

“गेले हो,” बाई म्हणाली. “मी म्हटलं, उद्या माणूस बोलावू. ऐकतील तर शपथ! बॅटरी घेतली आणि गेले.”

वारलेला माणूस बॅटरी घेऊन जात नाही. साहेबांचं बोट हवेतच राहिलं.

“बॅटरी घेऊन गेले.”

“टाकीत! आमच्या लाँड्रीची जमिनीतली टाकी, किती दिवस बंद होती. पाणी उपसायला मशीन पण आतच नेलं, पेट्रोलचं. आता मी हाका मारतेय तर ओ देत नाहीत!”

ती घरघर त्या मशीनची होती. बंद टाकीत पेट्रोलचं इंजिन चालू होतं आणि त्याच्या धुरात माणूस पडलेला होता. घाईने पत्ता विचारला. बाईने लाँड्रीचं नाव आणि गल्ली सांगितली. साहेबांनी एका हाताने अग्निशमन दलाचा फोन उचलला होता आणि दुसऱ्या हाताने उरलेली एकुलती एक गाडी सोडली होती.

तेवढ्यात फोनमध्ये पुरुषाचा आवाज आला. “वहिनी, बाजूला हो. मी उतरतो.”

प्रशिक्षणात एक गोष्ट सगळ्यांकडून घोकून घेतलेली होती. अशा टाकीत एक माणूस पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि बाहेर दोघांनाही आडवं आणावं लागतं.

“बाई, फोन त्यांना द्या! आत्ता!”

“कोण बोलतंय?” दीर ओरडला. “मला सांगू नका काही. दादा आहे माझा!”

तिच्या जिभेवर सगळी माहिती तयार होती, धूर, हवा, नियम. ती सुरू केली असती तर त्याने फोन फेकून उडी मारली असती.

“दादा आहे तुमचा,” ती म्हणाली.

पलीकडून फुटलेला आवाज आला, “हो.”

“दादाला आत श्वास घेता येत नाहीये. तुम्हालाही येणार नाही. तुम्ही पडलात तर वहिनीने दोघांना कसं काढायचं?”

पावलं वाजली नाहीत. शिडी वाजली नाही.

“झाकण पूर्ण सरकवा. तोंडाशी कुणी वाकू नका. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी धावत जा, बंब आला की हात करा. फोन वहिनीकडे द्या.”

तो धावला. धावताना रडत होता, ते ऐकू आलं.

मग वाट पाहणं. बाई मधूनमधून “ऐकलंत का?” अशी टाकीत हाक मारत होती; नवऱ्याला ती आयुष्यभर तशीच हाक मारत आली असणार. घाई तिला मागे व्हायला सांगत होती. सायरन आधी बारीक आला, मग मोठा झाला. बुटांचे आवाज, कुणाचं तरी खेकसणं. मशीन बंद पडलं. त्यानंतर फोन बहुधा बाईच्या हातून खाली पडला, कारण सगळं लांबून येऊ लागलं. घाईने हेडफोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. साहेबही आपला तसाच दाबून बसले होते.

बऱ्याच वेळाने खरखर झाली. कुणीतरी फोन उचलला होता.

“हे आले,” बाई म्हणाली.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्चीत मागे टेकले. घाई मात्र जागची हलली नाही. टाकीतून माणूस दोन्ही तऱ्हांनी वर येतो. तिला विचारायचं होतं, अगदी किंचाळून विचारायचं होतं. तिने ओठ दाताखाली धरले.

“आले?” ती म्हणाली, आणि थांबली.

पलीकडे बाई रडत होती. कसलं रडणं ते कळायला मार्ग नव्हता.

“आले हो,” बाई म्हणाली. “डोळे उघडले. मला बघून खोकले, आणि पहिला प्रश्न काय, तर मशीन कुठाय!”

घाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आता रडायची पाळी तिची होती. साहेब तिच्याकडे बघत होते.

“म्हणजे तुला आधीच कळलं होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “मला काहीच कळलं नव्हतं.”

समोरचा दिवा लागला. पुढचा फोन आला होता.