उलट्या तोंडाची डबी

दूधबाजारातल्या बद्रुद्दीनचाचांच्या गॅरेजसमोरून जावं लागू नये म्हणून पंधरा दिवस मी सायकल लांबून वळवत होतो. चाचांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. केलं होतं मी.

पंडित कॉलनीत आमच्या शेजारी मालनबाई राहायच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. यजमानांच्या माघारी त्यांची चोपन्न सालची विलायती गाडी बाईंनी लेकरासारखी जपली होती. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिचा हॉर्न मुका झाला. मी सातपूरला कंपनीत विजेच्या पॅनेलचा वायरमन, म्हणून हाक मला आली. बॉनेट उघडलं तर आत पत्र्याच्या तीन डब्या, तिळ्या बहिणींसारख्या. तिन्ही रिले; बटण दाबलं की आतली तारेची कॉइल टिक करते आणि हॉर्नला किंवा दिव्याला वीज सोडते. एक हॉर्नचा, दोन दिव्यांचे. पण कुठला कुणाचा, मला ओळखता येईना.

चाचांना बोलावलं. त्यांनी मीटर काढलाच नाही. डबीवर नुसतं बोट टेकवलं.

"बाई, दिवे लावा. आता धुक्याचे. आता हॉर्न दाबा."

दोन डब्या बोटाखाली टिकटिकल्या. तिसरी गप्प.

"हिची कॉइल जळाली. बाकीच्या दोघी बोलतात बघ, बेटा."

आपल्या पेटाऱ्यातून त्यांनी तसलीच एक डबी शोधून आणली आणि जागा अरुंद म्हणून उलट्या तोंडानं बसवली. हॉर्न असा वाजला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाई हसल्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी पुन्हा बॉनेट उघडलं. आमच्या कंपनीत पॅनेलमधले सगळे रिले एका ओळीत, एका तोंडाचे लागतात; एक जरी वाकडा दिसला तरी फोरमन ओरडतो. ती उलटी डबी माझ्या डोळ्यांत खुपत होती. मी ती सोडवली, पट्टी वाकवून जागा केली, सुलट फिरवली आणि तीन वायरी होत्या तशाच, डावीकडून उजवीकडे, जोडून टाकल्या. छान दिसली ओळ. मीच माझ्यावर खूश झालो.

सकाळी बाईंनी हॉर्न दाबला आणि बॉनेटमधून धूर आला.

मी गाडी तशीच दूधबाजारात नेली. गॅरेजसमोर चहा पीत चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "चाचा, भंगारातला माल घातलात तुम्ही. विधवा बाईची गाडी, काय कळतंय म्हणून?"

"म्हातारपणी हेच राहिलं होतं का, चाचा?" कुणीतरी म्हणालं. बाकीचे हसले.

चाचा बराच वेळ बॉनेटमध्ये बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. "दुसरी मिळाली की लावून देतो," एवढंच म्हणाले.

रविवारी मी ती जळकी डबी बाईंच्या गाडीतून काढून खोलायला घेतली. नखानं गंज खरवडला, तर प्रत्येक टोकाशी पत्र्यात अक्षर उमटवलेलं, बॅटरी, हॉर्न, बटण, कुणाची वायर कुठे ते सांगणारं. मी ती अक्षरं वाचली नव्हती, नुसती टोकं मोजली होती. डबी फिरली तेव्हा डावं उजवीकडे गेलं होतं आणि वायरी मात्र मी जागच्या जागी ठेवल्या होत्या. हॉर्नची वायर बटणाच्या टोकाला, बटणाची हॉर्नच्या. बटण न दाबताच वीज वाहत राहिली आणि कॉइल रात्रभर आतल्या आत तापत राहिली. माझ्या हातानं.

आई दळताना म्हणायची,

पायी रुतला गं काटा, सुईनं निघून येतो
बोल रुतला जिवात, कुणा गं हाती येतो

तरी मी पंधरा दिवस गप्प बसलो. मग एकदा कुंपणापाशी बाई सहज म्हणाल्या, "मी चौघांना सांगून ठेवलंय हो, त्या चाचाकडे गाडी नेऊ नका म्हणून. तिघांनी तर बंदच केलं जाणं." मान खाली घालून मी सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मला काय सांगतोस? किल्ली घे."

बाई शेजारी बसल्या. हॉर्न नाही, भर बाजाराची वेळ. खिडकीतून डोकं काढून मी ओरडत होतो, "बाजूला व्हा हो, बाजूला!" भाजीवाल्या हसत होत्या. "हॉर्न गिळलास का रे, भाऊ?"

गॅरेजपुढे आज दोनच माणसं होती. मी खाली उतरलो.

"चाचा, डबी चांगली होती. मी ती फिरवली, वायरी चुकीच्या जोडल्या. आणि नाव तुमचं घेतलं."

"त्याच दिवशी दिसलं मला," चाचा म्हणाले. "माझ्या हाताचं काम मला नाही ओळखू येणार?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हात फडक्याला पुसले. "तू कंपनीचा बिल्ला लावून आला होतास, गोरक्ष. चार लोकांत सांगितलं असतं, ह्याला तीन वायरी जोडता येत नाहीत, तर ते सातपूरला पोचायला कितीसा वेळ लागला असता? तुझी नोकरी अजून नवी आहे."

बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि हात जोडले. चाचा गडबडून गेले. "अहो बाई, असं नका करू, बसा." त्यांनी समोर हाक मारून चहा सांगितला.

मला बसवेना. चहा हातात घेऊन मी उभाच राहिलो. मिळवून ठेवलेल्या दुसऱ्या डबीवरची अक्षरं चाचा मला बोटानं दाखवत होते, आणि मला त्यांचं बोट तेवढं दिसत होतं, अक्षरं दिसत नव्हती.