माझा आखूड पाय

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. मला चार पाय आहेत. त्यांपैकी एक आखूड आहे. मला घडवणारा सुतार म्हणाला, "जमीनच वाकडी आहे." जमीन यावर काहीच बोलली नाही, म्हणून ताईने मला विकत घेतले.

ताई तेव्हा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढायची. ती बसली की मी डुगडुगायचे आणि तिच्या रेषेला लाट यायची. प्रकाशक म्हणाले, "वा, काय जिवंत हत्ती!" खरे तर ताईने बस काढली होती. पण हत्ती म्हणून छापून आली.

पुढे ताईने कॅमेरा घेतला. माझ्यावर उभी राहून ती सत्कारांचे फोटो काढायची. पाहुणे तिरपे यायचे. एकदा नुसता पंखा आला, पण सुरेख आला.

ताईचा भाऊ, म्हणजे दादा, करवत घेऊन माझ्यामागे लागायचा. "आण इकडे, बाकीचे पाय कापून सारखे करतो."

"हात तर लाव, मग बघ!" ताई म्हणायची.

मग ताईला पहिली जाहिरात मिळाली. जेलीची. कंपनीच्या मालकांची अट एकच: जेली थरथरली पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. दिव्यांच्या उष्णतेने वितळू नये म्हणून सजावटवाल्या काकांनी ती जरा घट्टच बनवली. ती टेबलावर बसली ती बसलीच. पंखा लावला. ढिम्म. कॅमेरावाला टेबलाशेजारी नाचला. ढिम्म. मालकांनी चप्पल शोधायला सुरुवात केली.

"आवरा," म्हणत ताईने बशी माझ्यावर ठेवली. तिचे डोळे भरले होते. सामान न्यायला आलेल्या दादाला वाटले, शूटिंग संपले. त्याने खाली बसून माझ्या पायाला करवत लावली. मी भीतीने थरथरले. माझ्यावरची जेलीही थरथरली.

"दादा!" ताई किंचाळली.

"नाही कापत, बाई, नाही कापत!"

"अरे, काप! म्हणजे कापू नकोस, नुसतं हलव! कॅमेरा सुरू!"

दादा पाय धरून मला डोलवत राहिला. जेली अशी लाडात आली की मालक हसत सुटले. "पुढची जाहिरातही तुम्हीच करा," ते म्हणाले आणि चप्पल पुन्हा काढून बसले.

जाहिरातीत मी काकांनी घाईने गुंडाळलेल्या चादरीआड आहे. दादाच्या केसांचा झुपका मात्र दिसतो. आई येईल त्याला सांगते, "जेलीच्या डावीकडे आमचा मुलगा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांची धूळ पुसा, त्यांना ओलीत ठेवू नका. आणि करवत उचलण्याआधी त्यांच्यावर एकदा जेली ठेवून पाहा.