टाचण न लिहिलेला पाठ

गौरी-गणपतीच्या सुमारास आलेल्या अमरनाथच्या पत्राला सिद्धराम सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेलं होतं, त्यामुळे पेपर वाचायला चष्मा काढला की आधी ते हाताला लागे. सर ते वाचत, पुन्हा घडी घालत, आणि मग पेपरात त्यांचं लक्ष लागत नसे.

"सिद्धराम," अमरनाथनं लिहिलं होतं, "घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला तो गेलाच. फोन करून उपयोग नाही आणि मोबाईलवर बोटानं लिहिणं मला जमत नाही, म्हणून पत्र. संकुलात नवी तुकडी आली. दिग्दर्शन पाठ कोण घेणार? दामिनी पडद्यावर कुठलासा पाठ दाखवायचं म्हणते. मला ते बघवणार नाही. तू घे. येतोस का?"

शिक्षक होऊ पाहणारी मुलं वर्गावर जाण्याआधी त्यांच्यासमोर खऱ्या लेकरांना शिकवून दाखवायचं, त्याला दिग्दर्शन पाठ म्हणतात. नांदेडच्या विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्र संकुलात हा पाठ वर्षानुवर्षं अमरनाथचा. निवृत्तीनंतरही त्यालाच बोलवत. त्याचा आवाज उठला की व्हरांड्यातले लोक उभे राहत. आणि पाठाचं टाचण, म्हणजे कुठला प्रश्न कधी विचारायचा, लेकरं काय म्हणतील, फळ्यावर काय लिहायचं, ते सगळं सिद्धराम सरांच्या हातचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सर स्वतः उभे राहिले होते. प्रस्तावनेलाच घसा कोरडा पडला. मागच्या बाकावरून अमरनाथ उठला, जणू आधी ठरलंच होतं अशा थाटात पुढे आला आणि पाठ पुरा केला. तेव्हापासून एकानं लिहायचं, एकानं बोलायचं. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

"अवं, तुमी उत्तर देईना अन् हितं बातमी बी लागली!" पार्वतीबाईंनी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर संकुलातल्या भित्तिपत्रकाचा फोटो आला होता. हदगावचा हरिओम टीईटी पास, पेढे कार्यालयात. मुखेडच्या शाळेत सरावाला जाणाऱ्यांनी पहिली एसटी गाठावी. आणि मधोमध, लाल शाईत: 'सोमवारी आदरणीय सिद्धराम सरांचा दिग्दर्शन पाठ.'

"मी हो कुठं म्हणालो?"

"न्हाई तरी कुठं म्हणालात? तुमच्या गप ऱ्हाण्याला लोक व्हयच समजत्यात. मी बी तसंच समजून नांदले की."

"आत्ता फोन करून सांगतो."

"कुणाला? ज्याला बोलता येत न्हाई त्याला फोनवर नकार कळवणार? वा रं वा! जावा, तोंडावर सांगून या."

सोमवारी पहाटे पार्वतीबाईंनी त्यांच्या पिशवीत डबा कोंबला. "धपाटे हायत. भाऊजींला आवडतात. घशाखाली उतरंनात तर लोण्यासंगं खावा म्हणावं."

एसटीच्या खिडकीतून अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि नकाराचं वाक्य सरांच्या मनात पक्कं होत आलं. 'माफ कर, मला जमणार नाही.' छोटं आणि सभ्य. पण ते संकुलात पोचले तेव्हा परिपाठ चालू होता आणि पुढे उभी असलेली शिवांगी नावाची मुलगी खणखणीत आवाजात बातम्या वाचत होती. नायगावच्या एका सहाध्यायी ताईंना मुलगी झाली, टाळ्या. ग्रंथालयाचा पंखा दुरुस्त झाला, त्याहून मोठ्या टाळ्या. "आणि आजची मुख्य बातमी आत्ता दारातून आत आलेली आहे!"

सगळ्या माना वळल्या. सरांनी मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

पहिल्या रांगेत अमरनाथ बसला होता. गळ्याला पांढरं फडकं, मांडीवर लेकरांची दगडी पाटी. त्यानं खडूनं लिहिलं आणि पाटी उंच धरली: 'आलास!'

तोंडावर नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. सरांनी डबा त्याच्यापुढे धरला. "पारूनं दिलाय," एवढंच ते म्हणाले.

दामिनी संकुलाची प्रमुख, दोघांचीही विद्यार्थिनी. ती लगबगीनं आली आणि पाया पडली. "सर, लेकरं येऊन बसलीत. महापालिकेच्या शाळेतला पाचवीचा वर्ग आहे. लई वांड आहेत, आधीच सांगते."

"दामिनी, मी खरं म्हणजे..."

"टाचण द्या ना सर, झेरॉक्स काढून आणते."

टाचण नसेल तर वर्गात पाय ठेवायचा नाही, हा संकुलाचा नियम सरांनीच घातलेला. किती जणांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. दामिनीलाही एकदा.

"टाचण नाही," ते म्हणाले.

शिवांगीनं मैत्रिणीला कोपर मारलं. "आपल्याला तर हाकललं असतं." ती हळू बोलली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

अमरनाथनं तळहातानं पाटी पुसली. तो हसत होता. बिनआवाजाचं हसू, नुसते खांदे हलत होते. मग त्यानं धपाट्यांचा डबा सरांच्या हातात परत ठेवला आणि वर्गाच्या दाराकडे बोट केलं. पहिल्या वर्षी तो स्वतः उठून आला होता. आता तो उठून येणार नव्हता, आला तरी त्याला बोलता येणार नव्हतं. हे सरांना तिथं, डबा हातात घेतल्यावर, नीट कळलं. मागच्या बाकावर आता सावरून घेणारं कुणी नव्हतं.

ते आत गेले.

पुढे पाचवीची लेकरं, मागे तुकडी निरीक्षणाच्या वह्या उघडून आणि तिच्या शेजारी खुर्चीवर अमरनाथ. सरांनी डबा टेबलावर ठेवला. घसा कोरडा पडला, पडायचाच होता. तरी जमेल तेवढ्या आवाजात ते म्हणाले, "या डब्यात काय आहे, ते न उघडता सांगायचं."

"भाकर!"

"कशावरून?"

"डबा हाय म्हणून."

"माझ्या मावशीच्या डब्यात तर सुईदोरा असतो," एक पोरगी म्हणाली. वर्ग हसला.

"जवळ येऊन बघा. वास घ्या. हात लावा. पण एका शब्दात सांगायचं नाही. गरम आहे म्हणू नका, कसं गरम ते सांगा."

लेकरं उठली. कुणी म्हणालं, रात्री चूल विझल्यावर असतं तसं. कुणी म्हणालं, लसणाचा वास हाय पण लसूण भाजलाय. वांड म्हणून सांगितलेला एक पोरगा डब्याला कान लावून उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, आत कुणीतरी झोपलंय."

सर मनापासून हसले. त्यांचा आवाज मोठा झाला नाही. उलट लेकरं गप्प होत गेली, कारण बोलणं ऐकायचं तर गप्प बसावंच लागत होतं.

"सर, मागं ऐकू येईना!" शिवांगी ओरडली.

सर लेकरांकडे वळले. "मागच्या ताई-दादांना ऐकू जात नाही. काय करायचं?"

"म्हणावं, हितं येऊन बसा की!" वांड पोरगा म्हणाला. "तितं काय करायलेत?"

तुकडी एकमेकांकडे पाहू लागली. निरीक्षकानं मागे बसायचं असतं. मग शिवांगी उठली, साडीचा पदर खोचून लेकरांच्या शेजारी फरशीवर बसली, आणि तिच्यामागून सगळे आले. वह्या मागेच राहिल्या. अमरनाथनंही आपली खुर्ची स्वतः ओढत पुढे आणली. तिच्या पायांचा आवाज सगळ्या वर्गात खरखरत गेला.

घंटा झाली तेव्हा फळ्यावर एक अक्षर नव्हतं आणि डब्यात एक धपाटा नव्हता.

निरोप घ्यायला सर अमरनाथपाशी गेले. त्यानं पाटीवर रीतसर शेरा लिहून ठेवला होता: 'टाचण नाही. फळ्याचा वापर नाही. धपाटे उत्तम.' सरांनी वाचल्यावर त्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं: 'पुढच्या साली?'

सरांनी अमरनाथच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला आणि निघाले.

वाटेत पोस्ट लागलं. तिथं त्यांनी पोस्टकार्ड घेतलं, काउंटरला दोरीनं बांधलेला पेन उचलला आणि उभ्याउभ्याच लिहिलं, खाडाखोड न करता.

"प्रिय अमरनाथ, तुझं पत्र मिळालं. येतो. दर साली येईन. टाचण मात्र आता तू लिहायचं. मोठ्या अक्षरात लिही, मला दिसत नाही. सिद्धराम."

त्या पोस्टापासून दोनच गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाचा पत्ता त्यांनी पिनकोडासकट घातला. कार्ड पेटीत टाकलं, फटीत बोटं घालून ते खाली पडल्याची खात्री केली, आणि रिकामा डबा खुळखुळवत स्टँडकडे चालू लागले.