बाहेरची जुनी, इथली नवी

मी रिव्हॉल्व्हर बोलतेय. दचकू नका, आत एकही काडतूस नाही. बंदुकीच्या दुकानात काउंटरवर, एका तेलकट फडक्यावर आडवी पडलेय. एरवी मी तोंड उघडलं नसतं, कारण आम्ही तोंड उघडलं की कुणाचं तरी बरंवाईट होतं. पण आज एका पोरीचा जीव धोक्यात आलाय आणि ते मला सोडून कुणाला दिसत नाही, म्हणून बोलते.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. थंडीच्या मुलखातल्या एका कारखान्यात मला घडवलं, घासलं, निळसर काळी झिलई दिली. जहाजावरच्या एका अधिकाऱ्यानं मला विकत घेऊन इथं आणलं. तो वर्षातून एकदा मोकळ्या मैदानात रिकामे डबे मांडायचा आणि नेम धरायचा. डबे सुखरूप राहायचे. माणूस चांगला होता.

पुढं सरकारनं बाहेरून हत्यारं आणायला बंदी घातली आणि काय सांगू, माझं नशीबच फळफळलं! काल नुसती बंदूक होते, आज 'बाहेरची' झाले. लोक मला दोन्ही हातांनी उचलायला लागले. मीही मग जरा नाक वर करून राहायला लागले, खोटं कशाला बोलू.

अधिकाऱ्यानंतर मी त्याच्या जावयाकडे गेले. हा वकील. त्याला एक वाईट खोड होती. फोनवर बोलताना मला रिकामी हातात घ्यायचा आणि चाप ओढत बसायचा. कुणी नखं खातं, हा मला खायचा. समोरचा लांबण लावायला लागला की इकडे खट्, खट्, खट्. शेवटी माझ्या पोटातली कमान तुटली. कमान म्हणजे घोड्याला जोर देणारी स्प्रिंग. तशी कमान आता आणायची कुठून? सुटे भाग यायचेसुद्धा बंद झालेले. वकिलानं एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. त्यानं कसलीशी पट्टी घासून, वाकवून आत बसवली. चाप ओढला, खट् वाजलं, वकील खूश.

वाजलं खरं, पण त्यात दम नव्हता. घोडा काडतुसाच्या पाठीवर नुसती टिचकी मारायचा. टिचकीनं काडतूस उडत नाही. हे एक मला कळलं आणि दुसऱ्या कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता, कारण काडतुसं मोजून मिळतात. ती कुणी चालवून बघण्यात वाया घालवत नाही.

वकील वारला. त्याच्या बायकोनं "ही ब्याद आधी घराबाहेर काढा" म्हणत मला या दुकानात आणून दिलं.

इथं काचेच्या कपाटात एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला इथल्याच कारखान्यात बनलेल्या नव्या. काय ते त्यांचं रूप! कडा ओबडधोबड, मुठीला कसलं तरी प्लॅस्टिक, चाप असा जड की ओढताना माणूस दातओठ खाईल. त्या मला आजी म्हणायच्या, मी त्यांना पत्र्याच्या पोरी म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की ठरलेला घोळ. इथलं नवं घ्यावं की बाहेरचं जुनं? तासभर चर्चा व्हायची, चहा व्हायचा, मला सगळे हातात घेऊन "वा!" म्हणायचे, आणि माझी किंमत ऐकली की घड्याळाकडे बघायचे.

एके दिवशी वखारवाला आला. लाकडाच्या वखारीचा मालक, अंगानं दांडगा, पण दुकानात शिरल्यापासून पाठ भिंतीला लावूनच उभा. त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा होता. सगळ्या जगाची अक्कल आपल्याकडे गहाण आहे असं वाटणारा माणूस.

वखारवाल्याचं काय झालं होतं, ते मेव्हण्यानंच दुकानदाराला सांगितलं. वखार बंद करायच्या वेळी तिघं आत घुसले होते. दाजींना करवतीच्या बाकाच्या पायाला बांधलं, तोंडात बोळा कोंबला, पेटी फोडली आणि जाताना म्हणाले, "पुन्हा येऊ, आता घरीच येऊ." सकाळी कामगार येईपर्यंत दाजी भुशात तसेच पडून होते.

"तर यांना काहीतरी खात्रीचं दाखवा," मेव्हणा म्हणाला.

"खात्रीचं हवं तर ही नवी घ्या," दुकानदार म्हणाला. "इथलीच आहे. चाप जरा जड आहे, पण गॅरंटी आहे, सुटे भाग मिळतात. बिघडली तर माझ्या दारात आणून टाका."

"शी! ही काय बंदूक आहे? नळाची तोटी दिसते. दाजी, ती बघा, ती बाहेरची."

मला काढून वखारवाल्याच्या हातात दिलं. त्याची बोटं लाकूड हाताळून खरखरीत झालेली.

"ही चालवून बघता येईल का?" त्यानं विचारलं.

मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. "अहो दाजी, बाहेरच्या मालाला चालवून काय बघायचं? नाव बघायचं! आणि मिळणारी काडतुसं ती किती, त्यातली इथंच उडवलीत तर घरी काय, चोरांना लाकडाची ढलपी फेकून मारणार?"

वखारवाला कधी नव्हे ते हसला. मला घेतलं त्यानं.

मिरवत गेले मी त्या घरात! दारातच त्याची बायको उभी होती. मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवले तिनं. "कुत्रं पाळू म्हटलं तर केस गळतात म्हणालात. आणि ही आणली?"

"तू गप गं. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत, बरोबर. माझ्या भावाला तेवढं सगळं कळतं."

तिच्या मागून मुलगी आली. तिला घरात सगळे बबडी म्हणत. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची, पण घरात आली की बापाच्या खुर्चीच्या हातावर बसायची, लहान असल्यासारखी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बापाचा हात धरून ठेवला.

त्या घरात माझी मिजास दोन दिवसांत उतरली. मला उशीखाली ठेवायचे आणि उशीवर झोपणाऱ्याला झोपच नव्हती. फ्रीज गुरगुरला तरी हा ताडकन उठून बसायचा. नळाला पाणी आलं की माझ्या मुठीवर हात. बायको म्हणायची, "अहो, मी आहे, दूध तापवतेय." तरी हात निघायचा नाही. जेवताना मी ताटाशेजारी असायचे. त्याच्या तळव्याला असा घाम यायचा की माझी मूठ सटकायची. रडकुंडीला आलेला माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते.

आणि त्याचा सगळा भरवसा माझ्यावर! "ही आहे ना, आता काळजी नाही," असं तो बायकोला दिवसातून दहादा सांगायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, मी फुसकी आहे! ते तिघं खरंच आले तर तू मला पुढं धरशील, चाप ओढशील आणि नुसतं खट् होईल. मला परत नेऊन दे. ती तोटीसारखी दिसणारी घे, पण जगून राहा. पण सांगणार कसं? माझ्या तोंडातून एकच शब्द निघू शकतो आणि तोही अडकलेला.

घरात एक नियम झाला होता. किल्ली असली तरी बाहेरून हाक मारायची आणि मगच आत यायचं. बबडी रोज गेटपासूनच ओरडत यायची, "बाबा, मी आले हो!" शेजारची मंडळी हसायची तिला.

त्या दिवशी दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. वखारवाल्यानं पडदे ओढून घेतले, खोलीत अंधार केला आणि कधी नव्हे तो त्याचा डोळा लागला. बबडी कामावरून लवकर सुटली. गेटात शेजारीण भेटली. ती म्हणाली, "आज तुझे बाबा झोपलेत वाटतं, किती दिवसांनी." मी उशीखालून सगळं ऐकत होते. बबडी म्हणाली, "खरंच? मग नाही ओरडत."

पोरीनं चपला बाहेर काढल्या. किल्ली आवाज न करता फिरवली. बाप जागा होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेनं, चवड्यांवर चालत आली.

चवड्यांवर चालणाऱ्या पावलांचा आवाज त्याला नेमका ऐकू आला. ते तिघंही तसेच आले होते. तो उठला, मला ओढून काढलं, दारात सावली दिसली आणि त्यानं चाप ओढला. विचारलं नाही, थांबला नाही. माझा घोडा मागं गेला. देवा! समोर पोरगी होती. मला दिसत होती. घोडा पुढं आला, खट्.

त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा खट्.

"बाबा?" बबडी म्हणाली.

त्या कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं भलं होवो, एवढंच मी म्हणत राहिले. मी हातातून पडले आणि पलंगाखाली गेले. वर बापलेक एकमेकांना धरून रडत होते. तो नुसता "बबडे, बबडे" करत होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला वाटलं, सुटलो सगळे. आता हा मला नदीत टाकेल. खुशाल टाक, मी मनात म्हणत होते. गंजायला तयार आहे मी.

पण भ्यालेल्या माणसाचं डोकं कुठल्या वाटेनं जाईल, सांगता येत नाही. संध्याकाळी बायको परतली, पाठोपाठ मेव्हणा आला. सगळं ऐकून तो लालबुंद झाला. भाचीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"उडालीच नाही? दोनदा ओढूनही? फसवलं की त्या दुकानदारानं!"

"मामा, उडाली असती तर मी मेले असते," बबडी म्हणाली.

"तू होतीस म्हणून ठीक. ते असते तर?"

वखारवाल्यानं हळूहळू मान वर केली. मी त्याचा चेहरा बघितला आणि माझा धीर सुटला. दुपारभर तो पोरीसाठी रडला होता, पण आता त्या चेहऱ्यावर करवतीचा बाक आणि तोंडातला बोळा पुन्हा आला होता. "ते असते तर," तो पुटपुटला. "मी ओढत बसलो असतो. तुमच्यादेखत."

बायको कडाडली. "अहो, शुद्धीवर आहात का? पोर वाचली आपली! ते धूड विकून टाका आणि दाराला साखळी लावा. बस झालं!"

"साखळी तोडतात ते," तो म्हणाला. तेवढंच.

म्हणून आज सकाळी मी पुन्हा या काउंटरवर आले. परवाना एकाच हत्याराचा, तेव्हा मी परत गेल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. दुकानदारानं मला उघडलं, ती पट्टी बाहेर काढली आणि जीभ चावली. "मला खरंच ठाऊक नव्हतं, शपथ. बदली देतो. ही नवी घ्या. पाठीमागच्या अंगणात चालवूनही दाखवतो."

चालवून दाखवली. मी इथून ऐकलं. भिंती हादरल्या. एकदाही चुकली नाही ती, एकदाही नाही.

बबडी बापाच्या शर्टाची बाही धरून उभी होती. "बाबा, काही नको ना. आपण नुसतेच घरी जाऊ. मी रजा घेते, तुमच्याजवळ बसते."

"तुझ्यासाठीच तर घेतोय गं," तो म्हणाला. आणि खरंच सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्यासाठीच घेत होता तो.

दुकानदार कागद करत होता तेवढ्यात त्या नवीला माझ्या शेजारी फडक्यावर ठेवलं. इतके दिवस जिला नावं ठेवली, तिच्या मी पाया पडले. म्हटलं, "बाई गं, तू चांगली आहेस, माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. पण त्या घरात गेल्यावर एक कर. तुझं काहीतरी बिघडू दे. गंज खा, अडकून बस. जो भितो ना, तो आधी घरातल्यांनाच मारतो. एकदा तरी फसव त्याला."

तिला माझं बोलणं समजलंच नाही. बिचारी कारखान्यातून थेट इथं आलेली. म्हणाली, "असं कसं, आजी? माझी गॅरंटी आहे."

त्यानं तिला उचललं, खिशात ठेवलं, वर हात दाबून धरला आणि निघाला. बबडी त्याच्या मागून चालत होती, थोडं अंतर ठेवून.

माझं काय, मला आता भंगारात टाकतील, नाहीतर कुणाच्या तरी भिंतीवर टांगतील. माझी चिंता करू नका. पण तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तर एवढं करा. वखारीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. तिकडून जाताना ती पोर दारात चपला काढायला वाकलेली दिसली, तर लाजू नका, रस्त्यातूनच ओरडा. आत झोपलेल्याची झोप मोडेल एवढ्या मोठ्यानं ओरडा. म्हणा, "अहो, बबडी आलीय! बबडी आहे ती!"